खोटा कोण, मी की पंडित?

मित्रांनो, मी छी नावाच्या देशाच्या दरबारातला एक जुना यू आहे. यू म्हणजे तोंडाने फुंकायचे वाद्य. बांबूच्या छत्तीस नळ्या आणि प्रत्येकीत मेणाने बसवलेली पातळ जीभ. घडवणाऱ्याने जीव ओतला होता. एकदा तरी वाजावे, एवढीच माझी आस.

पण मी पडलो एका पंडिताच्या हाती! हे गृहस्थ राजधानीच्या दक्षिण वेशीबाहेर राहत. राजाला तीनशे वादक एकदम ऐकायची हौस. त्यात एखादा गप्प राहिला तरी त्याला पत्ता नसे. पंडितांनी हे बरोबर हेरले आणि ते मला घेऊन वादकांच्या ताफ्यात घुसले. गाल फुगवायचे, डोळे मिटायचे, मान डोलवायची. आत मात्र वाऱ्याची झुळूक नाही. महिन्याकाठी पगार म्हणून राळ्याच्या धान्याचे पोते घरी, आणि वर रुबाब काय विचारता!

वाजवून झाले की नळ्या ओलसर होतात, म्हणून सगळे आपापला यू निखाऱ्यावर शेकत. पंडितही मला शेकत.

ताफ्यात शेजारी बसणारे वादक बाओकाका एकदा म्हणाले, "अहो पंडित, कोरड्याला कशाला शेकताय? मेण वितळेल ना त्याचं!"

"काका, मी मनातून वाजवतो. तुम्हाला नाही कळायचं."

"मग मन शेका की!"

चार दिवसांत माझ्या जिभा गळाल्या. पंडितांना ते कळलेही नाही.

पुढे राजा वारला. नव्या राजाने फर्मान काढले, उद्यापासून एकेकाने वाजवायचे. पंडितांचा चेहरा पांढराफटक! "पोट बिघडलंय," म्हणत मागच्या दाराने जे सटकले, ते कायमचेच. मी चटईवर पडून.

कारभारी म्हणाला, "हा खोटा यू चुलीत घाला."

"खोटा? याला कुणी फुंकलंय तरी का कधी?" बाओकाकांनी नव्या जिभा बसवल्या, मेण लावले आणि दुसऱ्या दिवशी राजापुढे मलाच ओठांना लावले. मित्रांनो, मी वाजलो!

पण लोकांना त्याचे काय? अंगात काही नसताना नुसती संख्या भरायला घुसलेल्या माणसाला ते 'भरतीचा खोटा यू' म्हणू लागले. आजही म्हणतात. लबाडी पंडिताची आणि बदनामी बांबूची! असल्या शहाण्यांची मला कीव येते.

मित्रांनो, शिकायचे असेल तर वाद्य जरूर हाती घ्या. बेसूर वाजवा, आमची तक्रार नाही. पण असा ढोंगी कुठे भेटलाच, तर कृपा करून त्याला त्याच्या स्वतःच्या नावाने हाक मारा.