दादाचं माप

मी कात्री बोलतेय. घरातली साधीसुधी नव्हे हं, शिंप्याची. लांब पात्यांची, जड, काळ्या मुठीची. कागदाला लावलं की माझी धार जाते, म्हणून घरातल्या लेकीनं माझ्यापायी पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत.

भट्टीत तापून, ठोकून घेऊन मी तयार झाले आणि दुकानातून मला उचललं ते थोरल्यानं. त्याला नुकतं मिसरूड फुटलं होतं. वडील गेलेले, पाठीवर धाकटा भाऊ. रस्त्याला लागून एक अरुंद दुकान त्यानं थाटलं. दाराशी कापायचं टेबल, मागे शिलाई मशीन.

एकदा थोरला तापानं अंथरुणाला खिळला, तेव्हा धाकट्यानं भीतभीत एक कोट बेतला. बरा होऊन आल्यावर थोरल्यानं ते कापड उलटसुलट करून पाहिलं आणि मला धाकट्याच्या हातात दिलं. "तुझा हात माझ्यापेक्षा सरळ चालतो. आजपासून तू मास्तर." स्वतः मागे मशीनवर जाऊन बसला. गिऱ्हाइकाला ओळखीचा असतो तो मास्तर. मशीनवरच्या माणसाची नुसती पाठ दिसते. थोरल्यानं, म्हणजे आमच्या दादानं, वर्षानुवर्षं ती पाठ हसतमुखानं दाखवली.

पुढे तयार कपड्यांनी आमची गिऱ्हाइकं पळवली. उरलं काय, तर पँट आखूड करा, चेन बदला. मास्तर पंचेचाळिशीला आला होता. परदेशातल्या एका कोटाच्या कारखान्याला हातानं कापणारे कारागीर हवे होते. बायकोमुलांसकट बोलावत होते. मास्तरनं कॅमेऱ्यासमोर कोट बेतून दाखवला. निवड झाली.

दादाला सांगायचं मात्र त्याच्या जिवावर आलं. रोज तोंड उघडायचा आणि "दोरा संपत आलाय" असलं काहीतरी बोलायचा. शेवटी दादाच म्हणाला, "तुझ्या लेकीनं केव्हाच सांगितलंय. जा बाबा. या वयात कोण बोलावतं?"

"आणि दुकान?"

"दुकानाला काय पाय फुटणार आहेत? मी आहे की."

"कापणार कोण?"

"विसरलास? तुझ्याआधी मीच कापत होतो."

दादाची नजर अधू झालीय, हे दोघांनाही माहीत होतं. बोलले दोघंही नाहीत. वहिनी तेवढी स्पष्ट बोलली. "जाताय ते चांगलंच आहे, भाऊजी. कात्री तेवढी ठेवून जा. यांच्या हाताला ती सवयीची आहे."

मास्तर "हो वहिनी" म्हणाला. आणि निघायच्या दिवशी मला मोज्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेच्या तळाशी घातलं. नव्या ठिकाणी, परक्या कात्रीनं पहिलाच घाव चुकला तर? ही एकच धास्ती. पोचल्यावर फोनवर म्हणाला, "दादा, कात्री चुकून आली रे माझ्याबरोबर."

"असू दे," दादा म्हणाला. "तुझ्याच हाताची आहे ती."

त्या दिवशी मास्तरला जेवण गेलं नाही.

कारखाना लांबलचक, लखलखीत. पंचेचाळिशीत माणूस पुन्हा नवखा झाला. त्याच्याहून लहान मुकादमीणबाई एकेक शब्द सावकाश, मोठ्यानं बोलायची, जणू हा बहिराच आहे. पण हातानं त्याला तारलं. महागाचं कापड त्याच्याकडे येऊ लागलं. बायकोला पाळणाघरात काम मिळालं, मुलगी तिथल्या भाषेत भांडायलाही शिकली. सगळं मनासारखं होत होतं, आणि तेच मास्तरला खुपायचं. नव्या घराच्या गॅलरीत बसून हसता हसता एकदम उठायचा. मग फोन लावायचा. "दुकान कसं चाललंय?"

"झक्कास!" दादाचं उत्तर ठरलेलं.

दोन वर्षांनी रजा मिळाली. मास्तर मला घेऊन थेट दुकानावर गेला, तर तिथे मोबाइल दुरुस्तीची पाटी. दादा आता एका मोठ्या कापड दुकानाच्या कोपऱ्यात बसून लोकांच्या पँटी आखूड करत होता.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय झालं असतं? तिकडे तुझी झोप उडाली असती, इकडे माझी नजर काही परत आली नसती."

घरी वहिनी भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नवी कात्री आणली होती. हात बसेना. लोकांची कापडं बिघडली, गिऱ्हाइकं तुटली."

मास्तरनं मला दादापुढे ठेवलं. दादानं माझ्या मुठीवरून बोट फिरवलं आणि मला मागे सरकवलं. "आता काय करू घेऊन? त्यापेक्षा मला एक शर्ट बेत. जन्मभर उरल्यासुरल्या तुकड्यांचेच घातले."

आमच्याकडे रीत अशी, की मास्तरनं माप मोठ्यानं सांगायचं आणि दादानं ध्यानात ठेवायचं. मास्तरनं टेप दादाच्या छातीभोवती धरला आणि आकडा पुन्हा पुन्हा वाचला. छाती आत गेली होती. खांदे उतरले होते.

"सांग की."

मास्तरनं जुनाच आकडा सांगितला. खांद्याचाही जुनाच. कापताना मात्र त्यानं मला खऱ्या मापावरून चालवलं.

शिवायला दादाच बसला. तुकड्यावर वीत ठेवून त्यानं पाहिलं आणि चष्म्यावरून भावाकडे बघितलं. "मास्तर, गिऱ्हाइकाशी खोटं बोलायचं नसतं." मग थांबून म्हणाला, "आता एक खरं सांग. परत येणार आहेस?"

मास्तर किती तरी वेळ टेप गुंडाळत राहिला.

"नाही, दादा."

दादानं मान हलवली. "हं. मग ती बाही दे इकडे."

निघताना मास्तरनं मला वहिनीपुढे धरलं. तिनं हात पुढे केला नाही. "मी मागितली होती तेव्हा हवी होती, भाऊजी," एवढंच म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली.

तर मी पुन्हा परदेशातल्या टेबलावर आहे. धार शाबूत आहे, कामाला तोटा नाही. माझी एकच विनवणी: घरापासून लांब गेला असाल, तर मागे राहिलेल्यांचं जुनं माप मनात धरून बसू नका. माणसं आपल्या पाठीमागे आटत जातात आणि फोनवर ते ऐकू येत नाही.

येते मी. कापड पसरलंय, खडूनं आखून झालंय, आणि मास्तर मला हातात घेऊन नुसताच उभा आहे.