आन्याच्या उजव्या हाताची पट्टी

ऐका, मी आन्याच्या उजव्या हाताची चामड्याची पट्टी बोलतेय. जिम्नॅस्टिकच्या मुली उंच दांडीवर झोके घेताना तळव्याला बांधतात ना, ती. डाव्या हाताची माझी जाऊ गरीब आहे, तिला बोलता येत नाही. मला येतं.

जन्म जर्मनीतला. कारखान्यात कापलं, बोटांसाठी दोन भोकं पाडली आणि विकलं. आन्या तेव्हा एकोणीस वर्षांची, जर्मनीच्या संघातली. महिनाभर घाम आणि हात घसरू नये म्हणून लावायची पांढरी पूड चोळून तिनं मला मुरवलं. तळव्याला चिकटल्यावर मला तिचं सगळं कळलं. सहाव्या वर्षी जिममध्ये घातली. तेराव्या वर्षी मोडक्या बोटानं झोके. रोज वजन करायचे. दोनशे ग्रॅम वाढले की कोच नाक मुरडायचा, स्वतःचं पोट टेबलाला टेकवून. आणि ही बया? दरवेळी "हो". हवेत उलटीपालटी होते, पण माणसापुढे तोंड उघडत नाही!

बघणारे तर विचारूच नका. पडली की "अरेरे" म्हणतात आणि तेच पडणं मोबाइलवर सात वेळा बघतात.

मागच्या वर्षी ती शिकायला अमेरिकेत, ओहायोत आली. तिथल्या डब्लिन गावात पुण्याच्या नीलांबरीकाकूंकडे खोली घेतली. काकू जीव लावतात, डोकं लावत नाहीत.

शनिवारी निवड होती. जर्मनीतले साहेब कॅमेऱ्यावरून बघणार आणि तिला वर्ल्ड चॅम्पियनशिपला न्यायचं की नाही ते ठरवणार. शुक्रवारी काकूंना आम्ही गॅरेजमध्ये वाळत घातलेल्या दिसलो.

"अगंबाई, केवढ्या भेगाळल्यात!" म्हणत त्यांनी आम्हाला खोबरेल चोळलं. दोनदा. तेलकट पट्टी दांडीवरून सुटते आणि पोरगी मानेवर आपटते, हे त्यांच्या गावीही नाही.

जिममध्ये आन्यानं मला बांधलं, हुंगलं आणि तिचा चेहरा पडला. पूड चोळली तर लगदा झाला. नवी जोडी पिशवीत होती, पण फळीसारखी कडक.

"आणखी पूड मार आणि गो!" इथला कोच ब्रेंट घड्याळ बघत म्हणाला. "ते वाट बघतायत."

बघायला आलेल्या काकू बाकावरून उठल्या. "माझी चूक आहे! मी तेल लावलं!"

"मॅडम प्लीज, शी इज फाइन," ब्रेंट म्हणाला.

"फाइन? मग आधी तुम्ही लटका!"

आन्या दांडीखाली उभी. तिची नाडी माझ्या पट्ट्याखाली धडधडत होती. आता "हो" म्हणणार, म्हणून मी शिव्या तयार ठेवल्या.

"नाही," ती म्हणाली.

"टीममधून जाशील."

"जाऊ दे. मान माझी आहे."

चौदा वर्षांत पहिल्यांदा! माझ्या शिव्या तोंडातच राहिल्या.

संध्याकाळी ईमेल आलं, निवड नाही, मानसिक तयारी कमी. खुर्चीत बसून लिहायला काय जातं? काकू रडत होत्या. आन्यानंच त्यांना चहा करून दिला.

दुसऱ्या दिवशी आम्हाला तिनं जिमच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. आता ब्रेंट वाकून बघतोय. त्याला मी भिंतीवर टांगायला हवी आहे, खाली जर्मन खेळाडूचं नाव लिहून, म्हणजे फी भरणारे आईबाप दिपतील. बाबा, हात लावू नकोस. तिथं टांगशील आणि माझ्यासमोर दुसऱ्या पोरीला लटकवशील. त्यापेक्षा केळ्याच्या सालीखाली मी मजेत आहे.