होडीची गाठ बसलेले बूट

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे, उजव्या पायाचा. डावा शेजारीच लटकला आहे. घिवलीच्या दामूच्या घरात, कुडाच्या खुंटीवर आम्ही जोडीने लोंबकळतो आहोत.

पालघरच्या एका मोच्याने आम्हाला शिवले. वैतरणा स्टेशनावरच्या एका रेल्वे मुकादमाने वर्षानुवर्षे आम्हाला रुळांवर चालवले. "बूट असावेत तर असे!" असे तो चारचौघांत म्हणायचा. मग नवे बूट आले. गरज सरो, वैद्य मरो! आम्ही अडगळीत गेलो. शेवटी दामूच्या बायकोने, जमनाने, सुक्या बोंबलांच्या बदल्यात आम्हाला घरी आणले.

दामूची होडी खडकावर आपटून फुटली होती. घरात चूल कशी पेटायची? किनाऱ्यावर मोठे बांधकाम निघाले होते आणि बोईसरला एक ठेकेदार माणसे निवडत होता. जमनाने खोबरेल चोळून आम्हाला चमकवले.

"बूट बगून सायेब नाय म्हणायचा नाय," ती म्हणाली. मीही फुशारलो.

पण ठेकेदाराच्या ऑफिसच्या दारात दामू थबकला. मोठ्या माणसापुढे पायताण घालून कसे जायचे? त्याने आम्हाला काढले. दर्यावरच्या माणसाला काही सुटे ठेवायची सवय नाही. त्याने आमच्या नाड्या एकत्र घेऊन होडीच्या दोराला मारतात तशी गाठ मारली आणि तो अनवाणी आत गेला. दार उघडेच होते.

साहेबाला त्याचे खांदे आवडले. "ओझे उचलशील?"

"उचलीन सायेब."

मग साहेबाची नजर खाली गेली. "बूट कुठे? तिथे खिळे-सळ्या पसरल्यात. अनवाणी माणूस नको मला."

"हायत ना सायेब! भायेर काडलेत. घालून येतो!"

दामू धावत आला. भरतीलाही न सुटणारी गाठ, घाईत कशी सुटणार? त्याने दात लावले, नखे मोडली. शेवटी आम्हाला तसेच हातात धरून तो दाराशी गेला, तर आत दुसराच उमेदवार बसलेला. शिपायाने हात आडवा केला.

"हे बगा बूट, सायेब!" दामू ओरडला. साहेबाने मान वर केली नाही. मित्रांनो, त्या क्षणी मला फाटून जावेसे वाटले.

घरी जमना गाठ सोडायला बसली. दामू म्हणाला, "राऊ दे. आता कोनासाठी सोडतेस?"

तेव्हापासून तो दुसऱ्यांच्या होड्यांकडे बघत किनाऱ्यावर बसतो. आमच्यावर बुरशी चढली आहे. मित्रांनो, तुमच्या दारी कुणी अनवाणी आला, तर त्याला परतवण्याआधी एकदा उंबऱ्याबाहेर बघा. आम्हाला पॉलिश नको. ही गाठ तेवढी कुणीतरी सोडा.