माझ्या काठावरचा पोचा

मी कलावतीची पाटी बोलतेय. मासळीची, ॲल्युमिनियमची, रुंद काठाची. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी घडले. तिथून ठाण्याच्या बाजारात आले. चेंदणी कोळीवाड्यातल्या कलावतीने विकत घेण्याआधी मला बोटाने वाजवून पाहिलं. "आवाज चांगला हाय," म्हणाली. तेव्हापासून मी तिच्या डोक्यावर, नाहीतर तिच्या गुडघ्यांपुढे.

कलावतीची एक गंमत आहे. मी पुढ्यात असले की तिचं तोंड सुटतं. भाव, टोमणे, कुणाचं लग्न कुठे जमलं, सगळं. मी नसले की ती परक्या घरी आल्यासारखी गप्प बसते.

२००८ सालचा नोव्हेंबर. सव्वीस तारखेला कुलाब्याच्या कोळीवाड्यात तिच्या भाचीची हळद होती. शेजारची माया सोबत होती. आहेराची लुगडी माझ्यातूनच नेली. परतताना कलावतीचा गुडघा दुखायला लागला, म्हणून मायाने मला आपल्या डोक्यावर घेतलं. सीएसटीला पोहोचलो तरी तिच्या गालांवर हळद होती आणि तोंडात हळदीचं गाणं.

मग गोळ्या सुटल्या. माया कोसळली. मी फरशीवर आदळले आणि माझ्या काठाला पोचा पडला. धावत्या गर्दीने कलावतीला बाहेर लोटत नेलं.

पंचनाम्यानंतर पोलिसांकडून मी घरी परतले, तेव्हा पत्रकार आले. एकाला पोचा दिसला. काही न विचारता त्याने छापलं, 'गोळी झेलणारी पाटी'. पुढे दरवर्षी तोच फोटो आणि तोच मथळा. ज्यांचं कामच विचारणं, त्यांनी विचारू नये? मला अजून संताप येतो. कलावतीला ते एवढंच म्हणायचे, "कसं वाटतंय?" ती म्हणायची, "बरं हाय." मायाचं नाव कुठेच आलं नाही. तेवढंच कलावतीला सलत राहिलं.

यंदा ठाकुर्लीच्या एका शाळेने तिला बोलावलं. तिथल्या मेघाली मॅडम मनापासून काम करणाऱ्या. ज्याने हल्ला पाहिला त्याच्याच तोंडून मुलांनी ऐकावं, असं त्यांना वाटत होतं. पण मला त्यांनी झेंडूची माळ घालून टेबलावर ठेवलं आणि कलावतीला माइकपुढे उभं केलं. झालं, तिचं तोंड बंद.

मॅडमनी सावरून घेतलं. "मुलांनो, ही बघा गोळीची खूण. या पाटीमुळे आजी वाचल्या."

"गोली नाय, बाई."

"अहो मावशी, पेपरात आलेलं..."

"तो पेपरवाला तवा तिथं व्हता काय गो?"

मुलं खिदळली. कलावतीने टेबलावरून मला उचललं, माळ काढून मॅडमच्या हातात दिली, मला जमिनीवर ठेवलं आणि माझ्यामागे फतकल मारून बसली.

"ही मायाच्या डोक्यावरून पडली. मना कुनी नाय वाचवला. माया मेली, मी र्‍हायले."

मॅडमचा चेहरा उतरला. मग पहिल्या रांगेतल्या कृतिकाने विचारलं, "आजी, माया कशी होती?"

माझ्या काठावरचा कलावतीचा हात थबकला. इतक्या वर्षांत हे तिला कुणीच विचारलं नव्हतं.

"माया? गिऱ्हाइकाला पापलेटाला हात नाय लावू द्यायची. म्हनायची, नवरीची हनुवटी हाय काय रे, चाचपतोस ती?"

मॅडमसुद्धा हसल्या. मग कलावती बोलत राहिली. मायाचा बेसूर गळा, पालीला घाबरणं, उसनं नेलेलं मीठ दामदुप्पट परत करणं. शेवटी ती हळद, ते गाणं आणि मायाचं पडणं. तिथे ती माझा पोचा अंगठ्याने चोळत राहिली. मुलं थांबली. एकानेही घाई केली नाही.

निघताना मॅडम हळूच म्हणाल्या, "मावशी, पाटी शाळेला द्याल? काचेच्या कपाटात ठेवू."

"आनि उद्या बोंबील काय पदरात घेऊ?"

आज माझ्यात बोंबील आहेत. कधी बाजारात आलात, माझा पोचा दिसला, तर त्यात गोळी शोधू नका. कलावतीसमोर जरा बसा आणि विचारा, माया कशी होती.