नऊ फूट स्नोमोबाइल, सहा फूट हौदा

मित्रांनो, मी एक जुनी, लाल रंगाची, आखूड बांध्याची पिकअप गाडी आहे. माझा हौदा सहा फूट लांब. मागच्या दोन चाकांवरचे जे उंचवटे हौद्यात वर येतात, त्यांच्या मधली जागा चाळीस इंच. हे दोन आकडे ध्यानात ठेवा. माझ्या धन्याला ते तोंडपाठ होते, पण त्याचा काही उपयोग झाला नाही.

माझा जन्म दूर दक्षिणेतल्या एका कारखान्यात झाला. तिथे माझ्यावर लाल रंगाचे तीन हात चढवले आणि मला उत्तरेला, मोठ्या सरोवराच्या काठी धाडलं. इथे नोव्हेंबरात पडलेला बर्फ एप्रिलात उठतो आणि रस्त्यावर टाकलेलं मीठ आम्हा गाड्यांना खालून खात राहतं. माझा धनी रेइनो कंगास. तीस वर्षं त्याने बर्फ लोटणारी सरकारी नांगरगाडी चालवून गावचे रस्ते मोकळे केले. मला घरी आणलं तेव्हा तो गावभर सांगत फिरला, "पिते कमी, ओढते जास्त. माझ्या बायकोच्या नेमकी उलट." बायको तेव्हा हयात होती. तिने हातातला झारा दाखवला आणि दोघं हसले. ती माझी कौतुकाची वर्षं. मी सौनासाठी, म्हणजे वाफेच्या न्हाणीसाठी, लाकडं वाहिली, मासेमारीची खोपटी वाहिली, एकदा तर अख्खं हरीण वाहिलं. माझ्या हौद्यात काही मावलं नाही, असं कधी झालं नाही.

गावात इतरांच्या गाड्या थोराड होत्या. मला ते हातगाडी म्हणायचे. पण सगळ्यांत जास्त म्हणायचा तो रेइनोचा थोरला भाऊ, वेइक्को.

या दोघा भावांनी तरुणपणी अर्धे-अर्धे पैसे घालून एक पिवळी स्नोमोबाइल घेतली होती. बर्फावर पळायची गाडी ती: पुढे घसरायच्या दोन पट्ट्या, मागे रबरी पट्टा, नऊ फूट लांब आणि दोन क्विंटलला थोडीच कमी. तिच्यावर बसून दोघांनी सरोवर ओलांडलं, वडिलांना डॉक्टरकडे नेलं, मुली फिरवल्या. ती राहायची वेइक्कोच्या कोठारात. नऊ वर्षांपूर्वी चर्चनंतरच्या कॉफीला, चारचौघांत, वेइक्को म्हणाला, "तुझी वाटणी कधीही घेऊन जा की. त्या खेळण्यात मावली तर! नाहीतर माझा ट्रेलर माग." सगळे हसले. रेइनोने कप खाली ठेवला. "मावेल. आणि तुझ्या ट्रेलरला मी मरेपर्यंत हात लावणार नाही."

झालं. एवढ्यावर दोन भाऊ नऊ वर्षं बोलले नाहीत. तुम्हाला वाटेल, एवढ्याशा कारणावरून? माझा अनुभव असा की मोठ्या कारणांची भांडणं लवकर मिटतात. लहान कारण सांगायला लाज वाटते, म्हणून ते टिकतं.

मग एका मार्चमध्ये वेइक्कोच्या बायकोचा, आइलाचा, फोन आला. घर विकलंय, ऑगस्टात ताबा द्यायचा, आम्ही दोघं ऊन असतं तिकडे राहायला चाललो. कोठार मात्र शनिवारी पाडणार. दुपारपर्यंत स्नोमोबाइल नेली नाही तर भंगारवाला नेईल.

शनिवारी सकाळी रेइनो मला घेऊन गेला. अंगणात वेइक्कोचा ट्रेलर उभा होता. दहा फुटी, मागून वाकून जमिनीला टेकणारा. त्याच्यावरचा बर्फ त्याच दिवशी सकाळी झाडलेला दिसत होता. रेइनोने तिकडे पाहिलंच नाही. वेइक्को ओसरीवर कॉफीचा कप घेऊन बसला होता. दोघांच्या मध्ये उभी होती आइला.

"भाऊजी, आधी कॉफी घ्या," ती म्हणाली.

"नको वहिनी. तुमच्या ह्यांना सांगा, फक्त कोठाराचं दार उघडा म्हणावं."

"दार उघडंच आहे, सांग त्याला," वेइक्को म्हणाला. "आणि हेही सांग की तिच्या पट्ट्यांची रुंदी एकेचाळीस इंच आहे."

"मला माहीत आहे म्हणावं."

"माहीत असून आलाय? मग डोक्याचंही माप घ्यायला हवं."

आइलाने दोघांकडे पाहून हात जोडले. "माझ्या तोंडाचा फोन करू नका. तीन पावलांवर उभे आहात दोघं."

आमच्याकडे स्नोमोबाइल चढवायची एक रीत आहे. रस्त्याकडेला नांगराने लोटलेल्या बर्फाचा बांध असतो. गाडी मागे घेत त्या बांधाला लावायची, हौद्याचा मागचा फाळका उघडायचा, म्हणजे बांध आणि हौदा एका पातळीत येतात. मग वरून सरळ आत हाकायची. रेइनोने तसंच केलं. पण चाळीसात एकेचाळीस कसे जाणार? त्याने ती तिरकी घातली. एक पट्टी उंचवट्यावर चढली, दुसरी खाली अडकली. त्याने जोर दिला. माझ्या अंगातून जो आवाज निघाला तो मी आधी कधी काढला नव्हता. तिचं नाक माझ्या मागच्या काचेतून थेट आत घुसलं आणि धन्याच्या बसायच्या जागेवर काचेचा सडा पडला. मागचं उरलेलं धूड उघड्या फाळक्यावर लोंबकळत राहिलं.

"मावली!" रेइनो ओरडला. नऊ वर्षांनी तो पहिल्यांदा भावाच्या डोळ्यांत बघून ओरडला.

वेइक्कोने दोनदा टाळी वाजवली, अगदी सावकाश. मग बायकोला म्हणाला, "आता विचार त्याला, काढणार कशी?"

"ते माझं मी बघीन म्हणावं."

मित्रांनो, आता त्याची चूक ऐका. उतरवायलाही तसाच बांध लागतो. रेइनो म्हणजे नांगरवाला. स्वतःच्या अंगणात बर्फाचा ढीग ठेवणं हा त्याला अपमान वाटे. सगळा बर्फ तो रोज पार झाडांपलीकडे फेकून यायचा. अख्ख्या रस्त्यावर बांध नसलेलं अंगण एकच होतं, आमचं. आणि दुसऱ्याच्या बांधाला गाडी लावायची तर विचारावं लागतं. तो म्हणाला, "उद्या बघू." दुसऱ्या दिवशी दक्षिणेचा वारा सुटला, मग तीन दिवस पाऊस पडला आणि गावभरच्या बांधांचा चिखल झाला. तशातही अडकलेली पट्टी उंचवट्यावरून उचलायला दोन माणसं हवीच होती. शेजारी बघत होते. पण आमच्याकडे न मागता हात लावला तर माणूस दुखावतो, आणि मागितला तर तो स्वतःच दुखावतो. त्यामुळे सगळे फारच सभ्यपणे बघत राहिले.

एप्रिल गेला, मे गेला. जुलैत मी पाठीवर स्नोमोबाइल घेऊन किराणा आणायला जात होते. माझे चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बसले, नाक आभाळाकडे झालं. काचेच्या जागी प्लास्टिक लावलेलं, त्यातून डास आत यायचे.

"रेइनो, पुढच्या वळणावर बर्फ पडलाय म्हणे!" पेट्रोल पंपावरचा माणूस म्हणायचा.

"अहो, त्यांची हौस आहे ती. कुत्रं नाही का लोक गाडीत घेऊन फिरत?" दुसरा म्हणायचा.

रेइनो हसायचा. मग घरी येऊन माझं दार इतक्या जोरात आपटायचा की गंजाचे पापुद्रे गळून पडायचे. एकेकाळी माझ्या दारावरचा चिखल तो रुमालाने पुसायचा.

ऑगस्टात आइलाचा फोन आला. ती मोठ्याने बोलते, मला अंगणात ऐकू आलं. "भाऊजी, रविवारी निघतोय आम्ही. ट्रेलर अजून रिकामा ठेवलाय ह्यांनी. सामान भरू देत नाहीत त्यात. एकदा म्हणा, हे लगेच येतील."

"त्याने सांगायला सांगितलं का वहिनी?"

तिचा आवाज एकदम खाली आला, मला जेमतेम ऐकू आला. "...नाही."

"मग राहू दे."

त्यांच्या जाण्याचा रस्ता आमच्या अंगणावरूनच होता. माझ्या पाठीवरचं हे हसं वेइक्कोला दिसता कामा नये, असं रेइनोने ठरवलं. रविवारी सकाळी त्याने स्नोमोबाइलला दोर बांधला, दोराचं दुसरं टोक बर्चच्या झाडाला, आणि मला पहिल्या गियरमध्ये पुढे काढलं. आधी माझा उंचवटा कागदासारखा फाटला. मग मिठाने खाल्लेली, फाळका तोलून धरणारी तार तुटली. पिवळी गाडी उलटी होऊन दगडावर आदळली. तिच्या इंजिनाला उभी चीर गेली आणि इतक्या वर्षांचं तेल गवतात सांडलं.

तेवढ्यात वेइक्को आला. गाडीमागे तोच ट्रेलर, रिकामा. सामान सगळं गाडीच्या टपावर लादलेलं. त्याने वेग कमी केला आणि फाटकाशी थांबला. काच खाली केली.

"विचार त्याला," तो आइलाला म्हणाला, "हात लावू का?"

आइला समोर बघत म्हणाली, "आज मी नाही विचारणार. तुम्ही विचारा."

वेइक्कोने दोन्ही हात स्टीअरिंगवरच ठेवले. रेइनो गवतात उभा होता, हातात दोर. त्याचं तोंड एकदा उघडलं आणि मिटलं. दोघं एकमेकांकडे बघत होते. मी चाळीसपर्यंत मोजलं, माझा आकडा तोच. मग काच वर गेली. रिकामा ट्रेलर खडखडत वळणापलीकडे गेला. आइला मात्र दिसेनाशी होईपर्यंत मान वळवून बघत होती.

रेइनोने आता नवी गाडी घेतली आहे. आठ फुटी हौद्याची. तिच्यातून तो अर्धा डझन अंडी आणतो. मला झाडाखाली लोटलंय, फाळका लोंबतोय, हौद्यात पाइनच्या काड्या साचल्या आहेत.

मित्रांनो, आम्हा गाड्यांना तेल द्या, अंगावरचं मीठ धुवा, मापाबाहेर लादू नका. एवढं केलंत तरी पुष्कळ. पण तुमच्यापैकी कुणाचं ओझं अडकलं, तर आमची तार तुटेपर्यंत थांबू नका. शेजारी उभा असलेला माणूस बहुतेक वेळा विचारण्याची वाट बघत असतो, आणि तोही तुमच्याइतकाच हट्टी असतो.

या हिवाळ्यात एक नवल झालं. अंगणातला बर्फ रेइनोने पहिल्यांदाच झाडांपलीकडे फेकला नाही. रोज सकाळी तो एकेक फावडं माझ्या मागे आणून टाकतो, वरून थापटतो. बांध आता बरोबर माझ्या फाळक्याच्या उंचीला आलाय. उतरवायला मात्र हौद्यात काहीच नाही.