माह्याच काचेत नवा मॉनिटर पाहून राह्यले

पोट्टेहो, मी एक जुना मॉनिटर आहो. म्हातारा म्हणा, खपते. पण 'डबडं' म्हणाल त आत्ताच बंद पडीन, अन् बसा मंग अर्धी गोष्ट घेऊन.

गडचांदुरात दीपालीचं फ्लेक्सचं दुकान आहे. लग्न, बारसं, वाढदिवस, जो बॅनर चौकात टांगला जाते तो आधी माह्या काचेवर तयार होते. मी नवा होतो तवाचा उजेड काय सांगू! समोरून जाणारे सिमेंटचे ट्रकवाले मले डिप्पर मारत. शेजारच्या कोंबड्याले दिवस कधी मावळला तेच समजे ना, आरवून आरवून त्याचा गळा बसला. खोटं वाटत असन त कोंबड्यालेच इचारा.

मंग उमर झाली. माणसाले मोतीबिंदू होते, मले पिवळेपण आलं. पांढरा कागदही मी हळद लावल्यासारखा दाखवतो. पण हे इतकं हळूहळू झालं, की कोणाच्या ध्यानातच नाई आलं. दीपालीले वाटे, फोटोतलं माणूसच पिवळं आहे. थे बिचारी पिवळा कमी करे, निळा वाढवे. माह्यावर माणूस झकास दिसे, अन् छपाईच्या मशीनीतून निघे त निळंशार!

एक दिवस भैयाजी पोराच्या लग्नाचा फ्लेक्स गुंडाळून तणतणत आले.

"काओ दीपालीबाई, पोराले मांडवात नेऊन राह्यलो का दवाखान्यात? पाहुणे इचारते, नवरदेवाले साप चावला का म्हणून!"

फ्लेक्स टेबलावर आपटला अन् गेले.

दीपालीचा लहान भाऊ अतुल मशीन चालवते, अन् गिऱ्हाईक नसलं की माह्यावर बंदुकीचा गेम खेळते. तो हासला. "ताई, तुह्या डोळ्यातच गडबड आहे."

त्यानं मस्करी केली, पण हिले बोचलं. दारात जाऊन दीपाली एक डोळा झाकून एसटीकडं पाहे, मंग दुसरा झाकून पाहे. तोंड एवढंसं झालं तिचं.

"रंगच समजत नसन त फ्लेक्सचं दुकान काऊन चालवू मी? बंदच करा लागते."

अवो माय, डोळा तुहा नाई, माहा गेला! पण मॉनिटरले तोंड असते का? असते ते नुसतं दाखवाले.

शेवटी अतुलच म्हणे, "दुकान काऊन बंद करतं? नवा मॉनिटर घेऊन पाहू."

घ्याचा होता एकच. दीपालीले पाह्यजे खऱ्या रंगाचा साधा सपाट, अतुलले पाह्यजे गेमचा.

"एकशेचव्वेचाळीस हर्ट्झ, ताई, सेकंदाले तितक्या येळा चित्र बदलते! या म्हाताऱ्यावर शत्रू गोळी मारून, घरी जाऊन, भाकर खाऊन हात धुते, तवा कुठी मले ते गोळी दिसते!"

"तुह्या हर्ट्झचं मी काय करू, हिरड्यासारखं उगाळून पिऊ? मले रंग खरा दिसला पाह्यजे."

अन् हे भांडण कुठी, त माह्यासमोर. नवे मॉनिटर पाहाले कुठी बसले, त माह्याच काचेत! दोनी नव्या मॉनिटरचे फोटो बाजूबाजूले लावले.

"याचा रंग पाह्य, ताई. पिवळसर आहे ना?"

"हाव. पण त्याचाबी पिवळसरच आहे."

"मंजे रंगात दोनी सारखेच! मंग माहा गेमवाला घे."

माह्या अंगाचा तिळपापड झाला. अबे गाढवांनो, पिवळा मी आहो, मी! माह्या चष्म्यातून पाहाल त बगळाबी पिवळा दिसन! रागारागात मी एकदा लुकलुकलो. अतुलनं वरून थापड मारली.

दीपालीचं मन काही मानत नव्हतं. "असं नाई. याले चंद्रपूरले घेऊन जाऊ. दुकानात नव्याच्या बाजूले ठेवून पाहू."

मले गुंडाळाले दुसरं काही सापडलं नाई, म्हणून भैयाजीचाच फ्लेक्स गुंडाळला. एसटीत कंडक्टरनं पाह्यलं, त मांडीवर निळा नवरदेव!

"बाई, तिकीट नवरदेवाचं काढू का टीव्हीचं?"

अख्खी गाडी हासली. मी आतून चडफडत राह्यलो.

चंद्रपूरच्या दुकानात मले दोन नव्याच्या मधात ठेवलं अन् तिघाइवर नवरदेवाचा तोच, दीपालीनं रंग बदललेला फोटो लावला. माह्यावर नवरदेव झकास, गोरापान. गेमवाल्यावर भाताच्या पेजेसारखा फिका, बाजूनं पाह्यलं त अजूनच फिका. अन् साध्या सपाट मॉनिटरवर निळाशार.

"हा त खराब आहे!" अतुल त्या सपाट्याकडं बोट दाखवून म्हणे.

दीपाली वाकली. खाली पडलेला फ्लेक्स तिनं उचलला अन् एकेका काचेजवळ धरला. सपाट्याजवळ आली अन् थांबली. काचेतला निळा अन् फ्लेक्सचा निळा, तोच, डिट्टो.

"अतुल, हा खरं सांगून राह्यला. खोटा हा आपला म्हातारा आहे." तिनं अतुलकडं पाह्यलं. "मले जे दिसलं, त्याले मी बरोबरच केलं होतं. माहा डोळा ठीक आहे!"

भर दुकानात माही अब्रू गेली, पोट्टेहो. पण तिचं तोंड पाह्यलं अन् वाटलं, जाऊ दे गेली त.

दुकानदार अतुलले गेमवाल्याचे गुण सांगत होता. पण अतुलनं सपाट्याचा डब्बा खांद्यावर घेतला.

"अन् तुहा गेम?" दीपालीनं इचारलं.

"गेममंदी मेलो त मी परत उठतो, ताई. तुह्या फ्लेक्सवरचा नवरदेव कुठी उठते?"

भैयाजीले नवा फ्लेक्स करून देला. पोरगा त्यावर असा लालगुलाबी दिसते, का सासऱ्यानं दोन दिवस त्याले ऊन लागलं म्हणून कैरीचं पन्हं पाजलं.

मी आता कोपऱ्यात आहो. दीपाली माह्यावर पत्रिकेचा मजकूर टाइप करते, अक्षराले रंग लागत नाई. पण पोट्टेहो, एक गोष्ट ऐका. कोणाचं काम बिघडलं त लगेच त्याच्या डोळ्याले, हाताले, अकलेले नाव ठेवू नका. त्याच्यासमोर काय मांडून ठेवलं आहे, ते आधी जाऊन पाहा. अन् आमच्यासारख्या म्हाताऱ्याइले मधातमधात तपासत जा, पुसत जा. पण कोरड्या फडक्यानं, बाप्पा! अतुल आत्ता बादलीत पोतेरं पिळून माह्याकडंच येऊन राह्यला. सांगा बे कोणी त्याले!