एक थेंब सांडायचा नाही

चाळीस वर्षं हॉटेलात वेटरचं काम केलेला माणूस, पण हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून उजवा हात कायम छातीवर. हात काढला तर हृदय खाली सांडेल जसं काही! "अहो, कुणी पळवत नाही ते," बायको रोज म्हणायची. पण ऐकेल तो नवरा कसला!

आज दवाखान्यात चालण्याची परीक्षा होती. लांबलचक व्हरांडा, सहा मिनिटं, जमतील तितक्या फेऱ्या. महाराज छातीवर हात ठेवून मुंगीच्या पावलांनी निघाले आणि दोनशे मीटरांवर बाकावर बसले. "संपलं आपलं," ते पुटपुटले.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी नाडी पाहिली, कागद पाहिले, छातीवरचा तो हात पाहिला. अर्ध्या तासाने त्या चहाचे सहा भरलेले कप ट्रेमध्ये घेऊन आल्या. "काका, आता हा घेऊन चाला. एक थेंब सांडायचा नाही."

"सांडायचा? मी?" काकांचा पाराच चढला.

उजवा हात छातीवरून उठला आणि ट्रेखाली गेला. मग काय विचारता! "सरका, गरम आहे!" नर्सबाई भिंतीला चिकटल्या, मोठे डॉक्टर दारात मागे सरले, बायको "अहो, हळू!" करत मागून धावली आणि चौथ्या फेरीला स्वतःच छातीवर हात ठेवून बाकावर बसली.

चारशे बारा मीटर!

"शून्य ते दहा, दम किती लागला काका?" बाईंनी हसत विचारलं.

"ते नंतर," काका ट्रे पुढे करत म्हणाले. "आधी सांगा, बिनसाखरेचा कुणाचा?"